गल्लीत अंतर कुठून आणायचं? रिॲक्टिव्ह रेस्क्यू कुत्रा आणि आपल्याकडची जनावरं

रस्त्यावरून उचलून आणलेला किंवा शेल्टरमधून दत्तक घेतलेला कुत्रा घरात बहुतेक वेळा गरीब गाय असतो. खरी गाय दारावरून गेली की मात्र त्याचा अवतार बदलतो: भुंकतो, झेपावतो, दोरी ताणतो. अशा कुत्र्याला ‘रिॲक्टिव्ह’ म्हणतात. अशा वेळी गल्लीतून हमखास सल्ला मिळतो: ‘रोज बाहेर काढा, चार जनावरांत न्या, आपोआप सवय होईल.’ सवय होते, पण भुंकण्याची. कारण सोपं आहे. म्हैस तिच्या वाटेने जाणारच असते. कुत्रा भुंकतो, म्हैस निघून जाते आणि आपण भुंकलो म्हणून ती गेली, असा हिशेब तो मनात मांडतो. असं पन्नास वेळा झालं की भुंकणं हेच त्याचं कामाचं हत्यार होतं.

औषध एकच आहे, अंतर. समोरचं जनावर दिसतंय, पण कुत्र्याचं डोकं अजून ठिकाणावर आहे, इतकं अंतर. परदेशी व्हिडिओंत ते सहज मिळतं, कारण तिथे मोठमोठी मोकळी मैदानं असतात. आपल्या बेळगाव भागात शहापूर-वडगावच्या गल्ल्या, खानापूर-निपाणीच्या जुन्या पेठा, दार उघडलं की थेट रस्ता आणि रस्त्यावर गाय, चार कुत्री, कोंबड्या, मधूनच एखादं डुक्कर. इथे अंतर आयतं मिळत नाही. ते वेळेतून, आडोशातून आणि वाट बदलून तयार करावं लागतं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी ओळखा: भीती, उतावीळपणा की शिकार

तिन्हींत कुत्रा दोरी ताणतो, म्हणून बघणाऱ्याला ती सारखीच वाटतात. उपाय मात्र वेगळे आहेत.

भीतीने भुंकणारा कुत्रा पुढे झेपावतो आणि लगेच मागे सरतो. अंगावरचे केस उभे, आवाज मोठा, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. जनावर लांब गेलं की अंग झाडतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. रेस्क्यू कुत्र्यांत हा प्रकार फार आढळतो.

उतावीळ कुत्रा बहुधा तरुण असतो. कालपर्यंत मोकळा फिरलेला, आज दोरीला बांधलेला. त्याला समोरच्या कुत्र्याकडे जायचं असतं, जाता येत नाही म्हणून तो कुंकुं करतो, उड्या मारतो, किंचाळल्यासारखा भुंकतो.

तिसरा प्रकार गप्प असतो आणि म्हणूनच घातक. मान खाली, नजर कोंबडीवर खिळलेली, एक पाय अधांतरी, आवाज नाही. ही शिकारीची वृत्ती आहे. अथणी, रायबाग, गोकाक भागात मुधोळच्या रक्ताची मिश्र कुत्री बरीच दिसतात: लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. ही जात नजरेने शिकार हेरणारी आहे. शंभर पावलांवर पळणारी शेळी दिसली की तिला हाक ऐकू येत नाही. अशा कुत्र्याला खाऊ देऊन कोंबड्यांत ‘शहाणा’ करता येईल, या भ्रमात राहू नका. तिथे दोरी, जाळी आणि मुसकी हाच मार्ग आहे. पुढे दिलेला सराव मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे.

पहिले तीन आठवडे: फिरणं कमी, तपासणी जास्त

नवीन कुत्र्याला घर कळायला साधारण तीन दिवस, दिनक्रम कळायला तीन आठवडे आणि हे आपलंच घर आहे हे पटायला तीन महिने लागतात, असा ढोबळ अंदाज धरतात. पहिल्या तीन आठवड्यांत मुख्य रस्त्यावर फिरवायची घाई नको. शी-शूसाठी परडं, गच्ची किंवा शांत बोळ पुरतो. शक्तीची उधळण घरातच करा. जुन्या गोधडीच्या घड्यांत खाणं लपवा, ताटलीऐवजी अंगणात पसरून द्या. पंधरा मिनिटं नाकाने शोधत बसलेला कुत्रा तासभर ओढत चालवलेल्या कुत्र्यापेक्षा जास्त शांत झोपतो.

याच काळात जनावरांच्या डॉक्टरांकडे पूर्ण तपासणी करून घ्या. दुखणारा कुत्रा चिडका असतो आणि रस्त्यावरच्या कुत्र्याचं दुखणं लपलेलं असतं. गोचीड तापासाठी रक्ततपासणी, कानाच्या आतला संसर्ग, किडलेले दात, जुन्या अपघाताने धरलेलं कंबरेचं हाड हे सगळं विचारून तपासा. पाठीला हात लावल्यावर कातडी थरथरते का, जिना चढताना मागचा पाय उशिरा उचलतो का, हे घरीच पाहून डॉक्टरांना सांगा. रेबीजची लस आणि तिचा वार्षिक डोस कार्डावर नोंदलेला हवा. नसबंदी करून घ्याच. पण भीतीपोटीचं भुंकणं नसबंदीने थांबेल, ही अपेक्षा ठेवू नका.

सामान

पट्टा छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा घ्या, म्हणजे खांदे मोकळे राहतात. मापाला पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. घाबरलेला कुत्रा उलटा मागे सरकून पट्ट्यातून निसटतो आणि बरीच कुत्री हरवतात ती अशीच. म्हणून गळ्यातला पट्टा आणि छातीचा पट्टा छोट्या कडीने एकमेकांना जोडा. एक निघाला तरी दुसरा धरतो. अरुंद डोक्याच्या मुधोळ-मिश्र कुत्र्याला साधा गळपट्टा कानांवरून सहज निघतो, त्याला मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो. गळ्यात फोन नंबरची चकती हवीच.

दोरी सहा फुटी, हाताला न कापणारी. मोकळ्या शिवारातल्या सरावासाठी वेगळी पाच ते दहा मीटरची, आणि ती फक्त छातीच्या पट्ट्याला. गळ्याला लावली तर दहा मीटर धावून बसलेल्या हिसक्याने मानेला इजा होते. आपोआप गुंडाळणारी दोरी अशा कुत्र्याला नकोच. ती कायम ताणलेली राहते आणि हातातून सुटली की प्लॅस्टिकची मूठ खडखडत मागे लागते, घाबरलेला कुत्रा त्या आवाजानेच पळत सुटतो.

लोखंडी साखळीचा फास, काट्यांचा पट्टा, शॉकचा पट्टा या तिन्हींना आमचा स्पष्ट नकार आहे. म्हैस दिसली की मान दुखते, एवढंच त्यातून कुत्रा शिकतो. भुंकणं दाबलं जातं, भीती वाढते, आणि एक दिवस न भुंकता थेट चावा बसतो.

मुसकी पिंजऱ्यासारखीच घ्या. तोंड उघडून धापता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. कापडी नळीसारखी मुसकी तोंड मिटवून टाकते. कुत्रा अंगातली उष्णता धापूनच बाहेर टाकतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात ती जिवावर बेतू शकते. नाकाच्या टोकापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी.

मुसकी थेट चढवू नका. पहिले दोन-तीन दिवस ती नुसती जमिनीवर ठेवा आणि शेजारी खाऊ टाका. मग आतल्या बाजूला बोटभर दही चोपडा आणि हातात धरून थांबा. नाक त्यानेच आत घालायचं, तुम्ही पुढे ढकलायचं नाही. एक सेकंद, मग पाच, मग दहा. तो स्वतःहून दहा सेकंद नाक आत ठेवू लागला की मगच मागचा बंद लावा, लगेच काढा, खाऊ द्या. पुढे अर्धा मिनिट, दोन मिनिटं, घरभर चालणं, शेवटी अंगण. याला दोन-तीन आठवडे लागतात. पंजाने ओरबाडून काढायला लागला तर तुम्ही दोन पायऱ्या एकदम चढलात, मागे या. लोक ‘चावरा आहे काय?’ विचारतील. विचारू द्या, त्या निमित्ताने ते चार पावलं लांब राहतात.

दार आणि फाटक

दिवसभर फाटकाच्या गजांतून प्रत्येक जाणाऱ्यावर भुंकणारा कुत्रा संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या सरावाने सुधारत नाही. हे आधी बंद करा. गजांना आतून हिरवी शेडनेट दुहेरी बांधा, जमिनीपासून निदान चार फूट. पत्रा लावला तर उन्हात तापतो आणि पावसात वाजतो, त्यापेक्षा बांबूचा तट्ट्या बरा. फाटकाखालची फट विटांनी बुजवा, कारण शेजारचं मांजर आणि कोंबडीची पिल्लं तिथूनच येतात. दार थेट रस्त्यावर उघडत असेल तर आत तीन-चार फुटांवर दुसरं जाळीचं दार बसवा. दूधवाला आला की एक दार उघडं असताना दुसरं बंद, हा नियम घरातल्या लहान मुलांनाही पाठ हवा.

ते दोन-तीन सेकंद

लांबून म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येते. कुत्र्याचे कान पुढे वळतात. धापत उघडं असलेलं तोंड मिटतं. जीभ आत जाते, अंगाचं वजन पुढच्या पायांवर येतं, शेपटीच्या मुळाशी केस फुलतात. श्वास क्षणभर अडल्यासारखा होतो. मग भुंकणं. तोंड मिटण्यापासून भुंकण्यापर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात आणि तुमचं सगळं काम त्यांतच व्हायला हवं. भुंकणं सुरू झाल्यावर ओरडणं, हिसका देणं, खाऊ दाखवणं यांतलं काहीच त्याच्या डोक्यात शिरत नाही. तेव्हा एकच करायचं, लांब जायचं.

अंतर बरोबर आहे का, हे खाऊवरून कळतं. हळुवार घेतो: ठीक आहे. बोटं चावत हिसकावतो: सीमेवर आहे. खाऊ तोंडातून टाकून देतो किंवा बघतही नाही: सीमा ओलांडली. ही सीमा पावलांत मोजून वहीत लिहा. बांधलेली गाय २० पावलं, चालती म्हैस ४५, गल्लीतला काळा कुत्रा ६०, असं. प्रत्येक जनावराचा आकडा वेगळा असतो आणि दिवसागणिक बदलतो. सकाळी फटाका फुटला, दुपारी पाहुणे आले, संध्याकाळी कुत्रा दिसला, की भांडं काठोकाठ भरतं आणि एरवी वीस पावलांवर शांत असणारा चाळीसवर फुटतो. अशा दिवसानंतर एक-दोन दिवस सराव नको, नुसती शांतता.

मुख्य सराव

खाऊ नेहमीच्या जेवणापेक्षा भारी हवा. उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे करा. शंभर ग्रॅममध्ये एका सरावाला पुरून उरतात. उकडलेलं अंडं, पनीर किंवा थोडं काळीजही चालतं. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत हे बसवा आणि तेवढं जेवण कमी करा. खारवलेली सुकी मासळी नको. कुंदा कितीही मागितला तरी नको. आणि अथणी-विजापूरकडचे बेदाणे आपल्याकडे घरोघरी असतात, ते कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षं, चॉकलेट, कांदाही तसाच.

सुरुवात बांधलेल्या जनावरापासून करा. ओळखीच्या गोठ्यातली खुंट्याला बांधलेली गाय उत्तम. गोठ्याच्या मालकाला आधी सांगा, वासरू नुकतंच झालेलं असेल तर दुसरा गोठा शोधा.

वहीतल्या अंतरापेक्षा दहा पावलं जास्त लांब उभे राहा. कुत्र्याची नजर गाईकडे गेली की लगेच एक तुकडा. पुन्हा बघितलं, पुन्हा तुकडा. तुकडा पायाजवळ द्या, गाईच्या दिशेने हात नेऊ नका. पाच-सहा वेळा झालं की वळून आडोशाला या. गाय दिसेनाशी झाली की खाऊ बंद. एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा. एकूण पाच ते आठ मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. त्याहून लांबवलं की शेवटची दोन मिनिटं आधीची सगळी मेहनत वाया घालवतात.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी जनावर दिसणार, मग खाऊ येणार. बरेच जण लांबून म्हैस दिसली की घाईने आधी खाऊचा डबा काढतात. मग डबा वाजला की काहीतरी भयंकर येतंय, असं कुत्रा शिकतो आणि डब्यालाच घाबरायला लागतो. खाऊ कमरेच्या पिशवीत असू दे, हात बाहेर.

काही सरावांनंतर एक बदल दिसेल. तो गाईकडे बघेल आणि आपणहून तुमच्याकडे वळेल: ‘दिसली, आता दे.’ इथपर्यंत आलात की अर्धं काम झालं. आता बघितल्याबरोबर न देता, तो वळला की द्या. सलग तीन सराव शांत गेले तर तीन-चार पावलं जवळ. एकदा जरी भुंकला तर दहा पावलं मागे. जवळ जायची घाई माणसाला असते, कुत्र्याला नसते.

मग पायऱ्या अशा चढा: बांधलेली गाय, बांधलेली शेळी, एका जागी चरणारी म्हैस, एक चालती म्हैस, कळप, आणि शेवटी पळणारं काहीही. पळणारं जनावर सगळ्यात अवघड, म्हणून करडं आणि कोंबड्या अगदी शेवटी.

मागे फिरणं आणि ‘शोध’

हे दोन आदेश घरात, मग परड्यात, मग रिकाम्या गल्लीत पक्के करा. पहिला: ‘चल मागे’ म्हणताच तुम्ही उलटे वळता, कुत्रा वळला की तुकडा. रोज दहा वेळा, कसलंही जनावर नसताना. आणीबाणीत पहिल्यांदा वापरलात तर चालणार नाही. दुसरा: ‘शोध’ म्हणून सात-आठ तुकडे गवतात भिरकवायचे. नाक खाली गेलं की नजर तुटते आणि हुंगताना अंगही सैल होतं. अरुंद बोळात समोरून बैलगाडी आली आणि मागे वळायला जागा नाही, तर पार्क केलेल्या गाडीमागे किंवा एखाद्याच्या कट्ट्याआड उभं राहून ‘शोध’.

घरात आजी मराठीत, कामवाल्या मावशी कन्नडमध्ये आणि मुलं इंग्रजीत आदेश देतात, असं आपल्या भागात सर्रास चालतं. शब्द कुठलाही घ्या, पण सगळ्यांचा तोच. आणि समोरून मोकळा कुत्रा घेऊन येणाऱ्याला दुरूनच सांगायला दोन वाक्यं तयार ठेवा: ‘कुत्रं धरा हं, आमचं घाबरतंय’ आणि कन्नडमध्ये ‘नायि हिडकोरी, हत्तिर बरब्याडरी’. लांबून ऐकू गेलं पाहिजे, पण आवाज शांत. तुम्ही किंचाळलात की तुमचा कुत्राच आधी सावध होतो.

गल्लीतली कुत्री

प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते: चहाच्या टपरीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत एक, तिथून देवळापर्यंत दुसरी. दोन दिवस कुत्रा न घेता फिरा आणि कागदावर नकाशा काढा. कुठे किती, त्यांत पिल्लंवाली आई कोणती, कानाला खाच असलेली म्हणजे नसबंदी झालेली किती. दोन हद्दींच्या सांध्यावरून जाऊ नका, तिथे भांडण ठरलेलंच. मटणाच्या दुकानाजवळून तर नकोच.

वेळ: रात्री अकरानंतर आणि पहाटे टोळ्या सगळ्यात जागरूक असतात, ‘रस्ता रिकामा असतो’ म्हणून लोक नेमके तेव्हाच बाहेर पडतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कुत्री पोट भरून सावलीत आडवी झालेली असतात. ती वेळ बरी, फक्त उन्हाळ्यात डांबर तापलेलं नाही ना, हे हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. भाद्रपदाच्या आसपास कुत्र्यांचा माज असतो, नर टोळीने फिरतात, त्या महिन्यात वाटा बदला. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात आणि ऐन थंडीत बोळाबोळांत रागीट आया बसलेल्या असतात.

टोळी अंगावर आली तर पळू नका, कुत्र्याला उचलूनही घेऊ नका; उचलला की ती उड्या मारतात आणि चावा तुम्हाला बसतो. त्याला तुमच्या मागे घ्या, तोंड टोळीकडे, आणि मूठभर बिस्किटं त्यांच्या पायांत, शक्य तितक्या लांब, टाका. ती खायला वाकली की चालत मागे सरका. काठी जमिनीवर आपटायला, मारायला नाही. मारलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी तुम्हाला ओळखतो. पावसाळ्यात हातात असतेच त्या छत्रीइतकं चांगलं साधन नाही: झटकन उघडली की समोरचं कुत्रं बिचकतं आणि तुमच्या कुत्र्याची नजरही झाकली जाते. मात्र आपल्या कुत्र्याला छत्री उघडायची सवय आधी घरात खाऊ देत करून घ्या, नाहीतर तोच सगळ्यांत आधी पळेल.

गल्लीतल्या एखाद्या शांत, खाच असलेल्या कुत्रीशी ओळख वाढवता येते. तोंडासमोर तोंड आणू नका. ती रस्त्याच्या एका कडेने, तुम्ही दुसऱ्या कडेने, एकाच दिशेने चाला. मग ती जिथे बसली होती, ती जागा हुंगू द्या. असं आठवडाभर केल्यावर अंतर कमी करा.

म्हशी, बैल, मेंढरं

म्हशींचं वेळापत्रक घड्याळासारखं असतं, सकाळी धार काढून झाल्यावर चरायला, तिन्हीसांजेला परत. त्या अर्ध्या तासात बाहेर पडलंच नाही तर निम्मा प्रश्न मिटतो. रेडकू सोबत असलेली म्हैस शांत कुत्र्याच्याही अंगावर येते. म्हैस किंवा गाय खरोखरच धावून आली तर दोरी सोडून द्या. तिला कुत्रा हवा असतो, तुम्ही नव्हे. कुत्रा तिच्यापेक्षा वेगाने निसटतो आणि तुम्ही बांधावर चढू शकता. शेळ्या-मेंढ्यांसमोर मात्र दोरी कधीही सुटता कामा नये.

ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कारखान्यांच्या रस्त्यांवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग असते आणि तोडकऱ्यांच्या खोपटांजवळ बैल, कोंबड्या, राखणीची कुत्री एकत्र असतात. त्या पाणंदी हंगामभर सोडा. उसाच्या फडात लांब दोरीसुद्धा नको. ती पाल्यात अडकते आणि आत रानडुक्कर असू शकतं. पीक निघालेल्या रानात धनगर खतासाठी मेंढरं बसवतात. वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, कडेची त्यांची कुत्री आपलं काम चोख करतात, तुमचा कुत्रा त्यांना लांडग्यासारखाच परका. तळ दिसला की लांबूनच वळा.

बेंदूर-कारहुणवीला बैल सजून निघतात आणि दिवाळी पाडव्याला बेळगावात म्हशी सजवून पळवतात. त्या दिवशी कुत्रा मागच्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा किंवा रेडिओ चालू. भीती जास्त असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून औषध आणून ठेवा.

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आणि भीमगड अभयारण्याच्या कडेला कुत्रा मोकळा सोडणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. शहरही त्याला अपवाद नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या जाधवनगर-गोल्फ मैदान भागात बिबट्या आला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. झाडीच्या कडेने अंधार पडल्यावर फिरवणं टाळा. रानात कुत्रा अचानक पायांत येऊन चिकटला तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि परत फिरा.

घरातलं मांजर

दोन आठवडे वेगवेगळ्या खोल्या. पहिल्या आठवड्यात फक्त वास: मांजराचं फडकं कुत्र्याच्या ताटलीखाली आणि उलट. दुसऱ्या आठवड्यात मध्ये जाळीचं दार आणि दोन्हीकडे खाणं, दारापासून लांबून सुरू करून रोज थोडं जवळ. मग एकाच खोलीत, कुत्रा दोरीला, मांजराला चढायला कपाट किंवा माळा मोकळा. कुत्रा भुंकला तर बिघडलं नाही. पण गप्प होऊन टक लावून बसला आणि हाक मारूनही कान हलला नाही तर तिथेच थांबा. अशा कुत्र्याला आणि मांजराला घरात कोणी नसताना एकत्र ठेवायचं नाही, सहा महिन्यांनीही नाही.

चावाचावी झाली तर

भांडणात हात घालू नका. बादलीभर पाणी ओता, जाड चादर टाका किंवा पाट मध्ये सरकवा. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं का, हे स्वतःहून विचारा. तुमच्या कुत्र्याला भटकं कुत्रं चावलं तर तुमच्या कुत्र्याची लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कोणाची कोंबडी किंवा करडू गेलं तर वाद न घालता भरपाई द्या. कायद्यानेही जनावराची जबाबदारी मालकाचीच: निष्काळजीपणा झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तीन महिने झाले आणि आकडे हलत नाहीत

वही घेऊन डॉक्टरांकडे जा. अंतराचे आकडे, खाणं, झोप, भुंकल्यावर शांत व्हायला किती वेळ लागतो, हे पाहून ते फ्लुओक्सेटिनसारखं रोजचं औषध सुरू करायचं का ते ठरवतील. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका, आणि मनाने एकदम तोडूही नका. नुसतं गुंगवणारं औषध रोजच्यासाठी मागू नका. पाय लटपटतात, पण भीती तशीच जागी राहते. माणसांच्या गोळ्या तर नकोतच.

दवाखाना ही जागाच अशा कुत्र्याला सगळ्यात कठीण, कारण बाकावर शेजारी मांजर, खाली दुसरा कुत्रा, बाहेर शेळी. फोन करून शेवटची वेळ मागा. कुत्रा गाडीत किंवा रस्त्यापलीकडे सावलीत मुसकी घालून थांबू दे, एकाने आत जाऊन नंबर लावावा. खोली रिकामी झाली की फोन, मग थेट आत. जमलं तर अधूनमधून नुसतं दारापर्यंत जाऊन चार तुकडे खाऊन परत या, सुई न टोचता.